सहल मुलांची, वही मुलींची

अमळनेरला एका शालेय विज्ञान प्रदर्शनात पर्यावरणाच्या प्रकल्पवह्या तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. या वह्या कशा असतात हे शिक्षकांना सांगायला नको. प्रस्तावना, महत्त्व, उद्दिष्टे, कार्यपद्धती, निरीक्षणे, विश्लेषण, निष्कर्ष अशी त्यांची ठरलेली घडण असते. बाहेरून रंगीत कागदाचे वेष्टन, आत लाल शाईचा समास. त्यातली एक वही बोरी नदीच्या प्रदूषणावर होती. अक्षर मोत्यासारखे, एकही खाडाखोड नाही. ‘निरीक्षणे’ या मथळ्याखाली लिहिले होते, की नदीच्या पृष्ठभागावर जलपर्णी पसरलेली आहे, कारखान्यांचे रंगीत सांडपाणी पात्रात मिसळते आणि मेलेले मासे तरंगताना दिसतात.

प्रदर्शन जानेवारीत होते आणि शाळेच्या गच्चीवरून बोरीचे पात्र दिसत होते. पात्रात वाळू होती, वाळूत उगवलेली वेडी बाभूळ होती, बेशरमाची बेटे होती, पुलाच्या खालच्या अंगाला गावाच्या सांडपाण्याचे एक काळे डबके होते आणि काठाने कचरा होता. मासे तरंगायला लागेल एवढे पाणी कुठेच नव्हते. वहीतली नदी कुठल्या तरी मार्गदर्शकातून आलेली होती. ती कदाचित मुळा-मुठा असेल, कदाचित मिठी असेल, पण बोरी नव्हती. बोरीचे दुखणे निराळे आहे. वर्षातले बहुतेक महिने ती वाहतच नाही, तिच्या पात्रातून वाळू जाते, आणि जे थोडे पाणी दिसते ते गावाने सोडलेले असते. यातला एकही मुद्दा वहीत नव्हता.

गटात दोन मुलगे आणि तीन मुली होत्या. नदीवर कोण गेले होते, असे मी विचारले. “ते दोघे गेले होते मॅडम. आम्ही लिहिलं,” असे मुलींपैकी एकीने सांगितले, आणि त्यात काही वावगे आहे असे पाचांपैकी कोणालाच वाटले नाही. मग मी मुलग्यांना विचारले, काय पाहिले? प्रदूषणाबद्दल त्यांना काही सांगता येईना. पण थोडे बोलते केल्यावर त्यातला एक म्हणाला, की पलीकडच्या काठाच्या मातीत वेड्या राघूंची बिळे आहेत, हात घातला तर कोपरापर्यंत आत जातो, आणि उन्हाळ्याच्या तोंडी पाखरे त्यात ये-जा करतात. वेडा राघू काठाच्या भुसभुशीत मातीत आडवा बोगदा उकरून टोकाला अंडी घालतो. म्हणजे मुलाचे निरीक्षण अचूक होते (हात मात्र घालू नये, हेही मी त्याला सांगितले). हे वहीत का नाही, या प्रश्नावर त्याचे उत्तर होते: “प्रकल्प प्रदूषणाचा होता ना.”

त्या वहीला शाळेत उत्तम श्रेणी मिळाली होती. माझ्या मते ती वही विज्ञान म्हणून अगदीच निकृष्ट होती. आणि ज्या कामाच्या वाटणीतून ती तयार झाली ती वाटणी वहीपेक्षाही वाईट होती.

या वह्या कुठून आल्या हे थोडक्यात आठवून पाहावे. पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर सक्तीचा करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये सांगितले. २००१-०२ पासून शाळाशाळांतून राष्ट्रीय हरित सेनेची पथके निघाली. आपल्या राज्यात पुढे पर्यावरण शिक्षण हा स्वतंत्र विषय झाला, त्याला जलसुरक्षेची जोड मिळाली. हेतूबद्दल वाद नाही. पण तीन दशकांनंतर हाती काय आले, तर प्रकल्पवही नावाचा एक साहित्यप्रकार! त्याचे संकेत ठरलेले, उपमा ठरलेल्या, शेवटी मानवाने वेळीच जागे व्हावे हा निष्कर्षही ठरलेला. कीर्तनाला जसा पूर्वरंग-उत्तररंग, तशी ही मांडणी. फरक इतकाच, की कीर्तनकाराला निदान समोरच्या श्रोत्यांकडे पाहावे लागते.

आणि या साहित्यप्रकाराच्या लेखिका मुली आहेत. अक्षर चांगले, वही नीटनेटकी ठेवतात, वेळेवर देतात, म्हणून गटातले लेखनकाम मुलींकडे जाते. आपण त्याला कौतुक समजतो. पण चांगल्या अक्षराचे बक्षीस म्हणून मुलीला बाहेर जाण्यातून सूट मिळते, असा त्याचा हिशेब होतो. नुकसान दोघांचेही होते, हे खरे. मुलग्याला लिहिण्याची शिस्त लागत नाही आणि आपले पाहणे म्हणजेच विज्ञान आहे हे त्याला कळत नाही. पण त्याला नदी तरी मिळते! शाळा सुटल्यावर तो पात्रात क्रिकेट खेळतो, बोरे पाडतो, डबक्यात दगड टाकतो. त्याच्या साठ्यात चार कच्च्या गोष्टी जमा होत राहतात. मुलीच्या साठ्यात मार्गदर्शकातली जलपर्णी जमा होते.

मग वर्षाची सहल असते ना, असे कोणी म्हणेल. सहल असते. खानदेशातल्या शाळांची सहल बहुधा दिवाळीनंतर निघते: अजिंठा-वेरूळ, चाळीसगावजवळची पाटणादेवी, चोपड्याकडे उनपदेवचे गरम पाण्याचे झरे. सहलीला मुलीही जातात, आणि ज्यांच्या घरून पैसे किंवा परवानगी मिळत नाही त्या जात नाहीत. तो प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. डिसेंबरात निसर्गाचे शिक्षण द्यायला निघणे, हाच मुळात चुकीचा मुहूर्त आहे.

एक उदाहरण घेऊ. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची सुगरणीच्या खोप्यावरची कविता महाराष्ट्रातल्या पिढ्यान् पिढ्यांनी शाळेत पाठ केली आहे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचे पाहणे शेतातले, विहिरीवरचे होते. त्यांच्या कवितेत खोपा विणते ती मादी, पिलांची आई. पक्षिशास्त्र सांगते, की विणकाम नर करतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला नराच्या डोक्यावर आणि छातीवर पिवळा रंग चढतो, तो गवताच्या आणि पिकाच्या पात्यांच्या लांब चिंध्या काढून आणतो आणि शेकडो फेऱ्या मारून खोपा अर्धा विणतो, उलट्या टांगलेल्या शिरस्त्राणाएवढा. इथे तो थांबतो. माद्या येतात, आत शिरून पारखतात. एखादीला पसंत पडला तर नर उरलेला बोगदा पुरा करतो आणि लगोलग दुसरा खोपा दुसऱ्या मादीसाठी घेतो. नापसंत खोपे तसेच अर्धवट लोंबत राहतात. अंडी उबवणे मात्र मादीकडेच असते आणि पिलांना भरवण्याचा मुख्य भारही तिच्यावरच. तेव्हा बहिणाबाईंचे पाहणे अर्धे बरोबर होते: चोचीत किडा घेऊन पुनःपुन्हा खोप्यात शिरणारी आई त्यांनी पाहिलीच असणार.

ही सगळी उकल डॉ. सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीम गावी केली. त्या वेळी त्यांना नोकरी नव्हती, पत्नीच्या घरी ते राहत होते, आणि जवळच सुगरणींची वसाहत होती. शिडीवर आडोसा बांधून ते रोज तासन् तास बसत आणि कोणता खोपा कोणी सुरू केला, कोणत्या मादीने घेतला, याच्या नोंदी ठेवत. एका नराची एकामागून एक अशी अनेक घरे असतात, हे त्यातून कळले. त्यांना मोठी उपकरणे लागली नाहीत. एकच ठिकाण, पुनःपुन्हा जाणे आणि योग्य ऋतू, एवढ्यावर काम झाले.

आमच्या शाळा हा प्रयोग उलटा करतात. ठिकाण दरवर्षी नवे, जाणे एकदाच, आणि ऋतू असा की सुगरणीचे खोपे दिसतात ते रिकामे. जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंत, जेव्हा हे सारे बाभळीवर आणि विहिरीच्या काठी चालू असते, तेव्हा मुले वर्गात कविता पाठ करत असतात. आणि कविता सर्वांत न चुकता पाठ असते ती मुलींना.

आता जागेचा प्रश्न. निसर्गशिक्षण म्हणजे अभयारण्य, अशी आपली समजूत झाली आहे. यावलचे अभयारण्य किंवा शिरपूर तालुक्यातले अनेर धरणाचे अभयारण्य अमळनेरहून फार लांब नाही, जमल्यास अवश्य जावे. पण मला ज्या जागांबद्दल बोलायचे आहे त्या शाळेपासून दहा-पंधरा मिनिटांवर आहेत: नदीचे पात्र, गावाचे गायरान, पाझर तलावाचा भराव, रस्त्याकडेची पट्टी. या सरकारी, म्हणजे सर्वांच्या जागा. अतिक्रमणांनी गायराने आटली आहेत, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सामाईक जमिनींवरच्या अतिक्रमणांविरुद्ध कडक निकालही दिला. तरी प्रत्येक गावी थोडी जागा उरलीच आहे. ती ओसाड दिसते म्हणून आपण तिला शिकण्याची जागा मानत नाही.

या जागांवर मुली नसतात असे मात्र कोणी समजू नये. सरपणाला, शेळ्यांमागे, गोवऱ्यांसाठी शेण गोळा करायला मुली जातातच. त्याच प्रदर्शनात जवळच्या खेड्यातून येणारी एक मुलगी होती. सुटीच्या दिवशी ती घरच्या शेळ्या राखते, असे बोलण्यात आले. मी सहज विचारले, शेळ्या कोणता पाला खात नाहीत? ती म्हणाली, रुईचा हिरवा पाला टाळतात, पण वाळून गळून पडलेला खातात. मी वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट केली आहे आणि हे मी कधी टिपून ठेवलेले नव्हते. रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. पान वाळले की चीक सुकतो. वाळलेल्या पानातले विष कमी होते की शेळीला नुसती चव सोसते, हा चांगला प्रश्न आहे. तिच्या प्रकल्पाचा विषय होता ओझोनचा थर.

रुईवरच थोडे थांबू, कारण अमळनेरच्या आसपास तिला तोटा नाही. पानाच्या खालच्या बाजूला बिबळ्या कडवा हे फुलपाखरू एकेक अंडे घालते. त्यातून निघणारी अळी काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, पाठीवर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असलेली. तिला हे विष बाधत नाही. उलट ती ते अंगात साठवते आणि त्यामुळे फुलपाखरू पक्ष्यांना बेचव लागते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास ऋतूप्रमाणे साधारण महिनाभरात पुरा होतो, म्हणजे एका इयत्तेला दोन पिढ्या सहज पाहता येतील. पुढची गंमत अशी, की छोटा चांदवा नावाच्या दुसऱ्या, पक्ष्यांना खाण्याजोग्या फुलपाखराची फक्त मादी या बिबळ्या कडव्याचे सोंग घेते. नर काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा, अगदी वेगळा. या छोट्या चांदव्याची अळी घोळाच्या पानांवर वाढते, आणि घोळ तर आपल्या भाजीतली. वहीत जे येऊ शकले असते ते हे. त्यासाठी लागते एक रुईचे झुडूप आणि आठवड्यातून दोनदा तिथे जाण्याची मुभा.

राखणीला गेलेल्या मुलांच्या या ज्ञानावर शाळा उभी करण्याचा प्रयोग महाराष्ट्राने पूर्वीच केलेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरांमागे कुरणात असतात, हे ओळखून त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. शिक्षकाने गुरे चरतात तिथे जायचे आणि आजूबाजूला जे आहे त्यातून शिकवायचे. मोठ्या बहिणी धाकट्या भावंडांना सांभाळण्यात अडकतात म्हणून त्यांनी पाळणाघर शाळेला जोडले. भावंडाला आणा, पण तुम्ही या. आपण अनुताईंचे स्मरण बालवाडीपुरते करतो. कुरणशाळेतला विचार माध्यमिक शाळेच्या विज्ञानाला किती लागू आहे, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. मुलगी का येत नाही याचे उत्तर त्यांनी मुलीच्या उदासीनतेत शोधले नाही, तिच्या दिवसाच्या वेळापत्रकात शोधले.

मुलींसाठी आपल्याकडे आणखी एक व्यवस्था आहे, गाइडची. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या बालवीर मेळाव्यात काही मुली बोलावणे नसताना गणवेश चढवून हजर झाल्या, आणि पुढच्या वर्षी मुलींची स्वतंत्र संघटना निघाली. गाइडचे एक जागतिक केंद्र, ‘संगम’, १९६६ पासून पुण्यातच आहे. अमेरिकेत तर गर्ल स्काउट मुलींना राष्ट्रीय उद्यानांत प्रत्यक्ष काम देणारा उपक्रम उद्यान खात्याबरोबर चालतो. आमच्या बहुतेक शाळांत गाइडची मुलगी पाहुण्यांच्या स्वागताला दुतर्फा उभी असते. सोपानांच्या अभ्यासक्रमात निसर्ग आहे. तो कार्यालयातल्या फायलीत पुरा होतो. असो.

यावर मुख्याध्यापकांचे उत्तर ठरलेले असते, आणि ते उडवून लावण्यासारखे नाही: काही झाले तर जबाबदार कोण? २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याचे विद्यार्थी बुडाले, त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. मुलींच्या बाबतीत यात भर पडते ती छेडछाडीच्या भीतीची, आडोशाच्या अभावाची, मासिक पाळीच्या दिवसांची आणि घरच्यांच्या एका वाक्याची: “आते पोर मोठी व्हयनी.” मी स्वतः क्षेत्रकामाला जाते तेव्हा सकाळी किती पाणी प्यावे याचा विचार करून निघते; तेव्हा या अडचणी काल्पनिक आहेत असे मी म्हणणार नाही.

पण या अडचणी तपासून पाहिल्या तर त्या दूरच्या, दिवसभराच्या, अनोळखी सहलीला जितक्या लागू होतात तितक्या जवळच्या, ओळखीच्या, तासाभराच्या फेरीला होत नाहीत. दहा मिनिटांवर शाळेचे स्वच्छतागृह असते. वर्गाच्या निम्म्या मुली एकत्र असतात. दोन आया बरोबर आल्या तर त्याच वनस्पतींची गावातली नावे सांगतात, असा माझा अनुभव आहे. पाण्याला पूर असेल त्या दिवशी जायचे नाही, एवढे सर्वांना कळते. आणि सार्वजनिक जागा मुलींना असुरक्षित वाटते त्याचे एक कारण तिथे मुली दिसत नाहीत हेही आहे. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला याच बोरीच्या वाळवंटात साऱ्या पंचक्रोशीतल्या बायका-मुली फिरतात. त्या दिवसांत पात्र धोक्याचे आहे असे कोणी म्हणत नाही. पात्र तेच असते, फक्त गर्दी आपली असते.

या कामाला कायद्याचा आधारही शोधता येतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता समिती सांगितली, २००४ च्या नियमांनी तिच्यात एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात असे म्हटले, आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे मुख्य काम ठरवले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२० ची मुदत घातली तेव्हा बऱ्याच नोंदवह्या बाहेरच्या माणसांनी घाईघाईने भरल्या, अशी टीका झाली. माझी शंका अशी, की त्यांतल्या पुष्कळशा आपल्या प्रकल्पवह्यांच्याच जातीच्या असाव्यात. ज्या शाळेला विषय हवा आहे तिने ग्रामपंचायतीकडून ही नोंदवही मागून घ्यावी आणि आपल्या गायरानाचे पान मुलींकडून तपासून घ्यावे. रुई, तरवड, हिवर, कुसळी गवत, सुगरणीची बाभूळ: काय आहे, काय नाही, केव्हा फुलते, कोण खाते. चूक सापडली तर दुरुस्ती सुचवणारे पत्र सरपंचांना मुलींनी लिहावे. तिथे त्यांचे सुंदर अक्षर खरोखर उपयोगी पडेल.

फक्त एक पथ्य पाळावे. गटात टेप धरणारा, मोजणारा, झुडपात शिरणारा आणि लिहिणारा ही कामे दर फेरीला बदलली पाहिजेत. हे शिक्षकाने मुद्दाम केले नाही, तर दुसऱ्याच फेरीला वही मुलीच्या हातात आणि टेप मुलग्याच्या हातात गेलेली दिसेल. मी हे माझ्या स्वतःच्या प्रयोगशाळेतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांत पाहिलेले आहे.

प्रदर्शन संपल्यावर मी मुख्याध्यापकांशी बोलले. वेडे राघू मार्चच्या सुमारास बिळांच्या कामाला लागतात, तेव्हा शाळा सकाळची असते, अकरा-साडेअकराला सुटते. त्या पाच जणांना घेऊन मी पलीकडच्या काठावर जाईन, लांबून दुर्बिणीने पाहू, बिळांना हात लावणार नाही, तासाभरात परत आणून सोडीन, असे मी म्हटले. त्यांना कल्पना आवडली. मुलींच्या पालकांना विचारून कळवतो, असे ते म्हणाले. मुलग्यांच्या पालकांना विचारण्याची गरज त्यांना वाटली नाही.